दाढ काढल्यानंतर वेदनाशामके एकत्र घेताना

दाढ काढून घेतल्यावर हातात येणाऱ्या चिठ्ठीवर बहुधा एकापेक्षा जास्त औषधांची नावे असतात, आणि घरातल्या औषधांच्या डब्यात डोकेदुखीच्या, तापाच्या, कंबरदुखीच्या गोळ्या आधीपासून पडलेल्या असतात. भूल उतरून ठणका सुरू झाला की नेमका प्रश्न पडतो तो असा: ही गोळी घेऊन दोन तास झाले, दुखणे थांबलेले नाही, तर आता दुसरी घेतली तर चालेल का? या प्रश्नाचे उत्तर गोळीच्या व्यापारी नावावरून मिळत नाही. ते त्या नावाखाली बारीक अक्षरांत छापलेल्या मूळ औषधाच्या नावावरून आणि त्यापुढच्या मिलिग्रॅमच्या आकड्यावरून मिळते. वेगवेगळ्या गटांतली दोन वेदनाशामके बहुतेक निरोगी प्रौढांना एकत्र घेता येतात, एकाच गटातली दोन एकत्र घ्यायची नसतात, आणि एकच औषध दोन वेगळ्या नावांनी पोटात जात नाही ना, हे दर वेळी तपासायचे असते. नियम एवढाच आहे. पण तो रात्री दोन वाजता, दुखण्याने हैराण झालेले असताना नीट पाळता यावा, यासाठी त्यामागचे कारण माहीत असलेले बरे.

दुखणे कसे तयार होते

दाढ काढताना हिरडी फाटते, दाढेला जबड्याच्या हाडाशी धरून ठेवणारे तंतू तुटतात, आणि अक्कलदाढ हाडात रुतलेली असेल तर थोडे हाडही कोरावे लागते. इजा झालेल्या पेशींमध्ये सायक्लोऑक्सिजनेज नावाचे विकर (एन्झाइम) कामाला लागते आणि त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होतात. ही रसायने तिथल्या मज्जातंतूंची टोके हळवी करतात, त्यामुळे एरवी जाणवलाही नसता असा स्पर्शसुद्धा झोंबतो. शिवाय रक्तवाहिन्या रुंदावून सूज आणण्यातही त्यांचा वाटा असतो. ॲस्पिरिन आणि त्याच्यासारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखून काम करतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले, आणि १९८२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले त्यांत ते होते.

दुखण्याचे वेळापत्रकही ठरलेले असते. भुलेचे इंजेक्शन गाल आणि ओठ साधारण तीन ते पाच तास बधिर ठेवते. ती उतरल्यावरचे पहिले काही तास सर्वांत जड जातात. सूज मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि मग ओसरू लागते. अक्कलदाढ काढल्यानंतरचे दुखणे इतक्या ठरावीक पद्धतीने येते की नवे वेदनाशामक किती प्रभावी आहे हे तपासण्यासाठी संशोधक गेली अनेक दशके याच रुग्णांवर चाचण्या करत आले आहेत. म्हणूनच कोणती गोळी डोकेदुखीवर किंवा पाठदुखीवर चांगली, याबद्दल मतभेद असले, तरी दाढ काढल्यानंतर काय चालते याबद्दलची माहिती बरीच पक्की आहे.

दोन गट आणि त्यांची दोन कामे

पहिला गट सूज आणि वेदना दोन्ही कमी करणाऱ्या औषधांचा आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, केटोरोलॅक, निमेसुलाइड, एटोरिकॉक्सिब आणि ॲस्पिरिन ही सगळी त्याच गटातली. ही औषधे जखमेच्या जागीच प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत. अडचण अशी की प्रोस्टाग्लँडिन शरीरात फक्त दुखवण्याचेच काम करत नाहीत. जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करणे आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा टिकवणे ही कामेही तीच करतात. त्याच विकरापासून तयार होणारे आणखी एक रसायन रक्त गोठण्यास मदत करते. त्यामुळे या गटाचे दुष्परिणाम पोट, मूत्रपिंड आणि रक्तस्राव या तीन ठिकाणी दिसतात, आणि काही रुग्णांमध्ये रक्तदाब व हृदय यांच्यावरही ताण येतो.

दुसऱ्या बाजूला पॅरासिटामॉल जवळजवळ एकटेच उभे आहे. अमेरिकेत याच औषधाला असिटामिनोफेन म्हणतात, तेव्हा परदेशातून आलेल्या बाटलीवर ते नाव दिसल्यास दुसरे काही वेगळे औषध आहे असे समजू नये. पॅरासिटामॉलचे काम मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जू येथे चालते. ते सूज फारशी उतरवत नाही, पण नेहमीच्या मात्रेत जठराला त्रास देत नाही आणि रक्तस्रावही वाढवत नाही. त्याचा भार यकृतावर पडतो.

एकाचे काम जखमेच्या जागी, दुसऱ्याचे मज्जासंस्थेत. एकाचा भार जठर आणि मूत्रपिंडांवर, दुसऱ्याचा यकृतावर. म्हणून या दोघांना एकत्र घेतले की वेदना कमी करण्याचे काम एकमेकांत मिळते, पण दुष्परिणाम मात्र एकाच अवयवावर साठत नाहीत. खालची अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढलेल्या रुग्णांवरच्या चाचण्यांचा, वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१३ मध्ये आढावा घेतला, त्यात ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन हे १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलपेक्षा सरस ठरले, आणि दोन्ही मिळून घेतलेली मात्रा एकेकट्या औषधापेक्षा अधिक आशादायक दिसली. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसारही प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना दाढ काढल्यावर पहिली पसंती याच औषधांना आहे: आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन, एकटे किंवा पॅरासिटामॉलच्या जोडीने. ट्रॅमाडॉल, कोडीन यांसारख्या अफूजन्य औषधांना त्यानंतरची जागा आहे.

मात्रा आणि चोवीस तासांचा हिशेब

पुढचे आकडे ५० किलोपेक्षा अधिक वजनाच्या, यकृत, मूत्रपिंड, जठर किंवा हृदयाचा आजार नसलेल्या प्रौढांसाठी आहेत. दंतवैद्यांनी चिठ्ठीवर वेगळे लिहिले असेल, तर त्यांचे लिहिणे प्रमाण मानावे. त्यांनी तुमची तपासणी केली आहे, या लेखाने केलेली नाही.

आयबुप्रोफेनची एका वेळची मात्रा ४०० मिलिग्रॅम. डॉक्टरांना न विचारता घ्यायची असेल तर चोवीस तासांत १२०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, म्हणजेच तीन गोळ्या, आठ-आठ तासांच्या अंतराने. डॉक्टर त्यांच्या देखरेखीखाली याहून जास्त मात्रा देऊ शकतात, पण तो निर्णय त्यांचा. एका वेळी ४०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेतल्याने वेदना त्या प्रमाणात कमी होत नाहीत, दुष्परिणाम मात्र वाढतात, तेव्हा ‘आज जास्त दुखते आहे म्हणून दोन घेतो’ या विचाराला आधार नाही.

पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार तासांचे आणि शक्यतो सहा तासांचे अंतर, आणि चोवीस तासांत जास्तीत जास्त ४००० मिलिग्रॅम. ही कमाल मर्यादा आहे, गाठायचे लक्ष्य नव्हे. अनेक डॉक्टर सुरक्षिततेसाठी ३००० वरच थांबायला सांगतात. ५० किलोपेक्षा कमी वजनाच्या, कुपोषित, रोज मद्य घेणाऱ्या किंवा यकृताचा आजार असलेल्या व्यक्तींसाठी ही मर्यादा आणखी खाली येते आणि ती डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी लागते.

इथे एक बारीक गोष्ट सुटते. चोवीस तास म्हणजे कॅलेंडरवरचा दिवस नव्हे. रात्री अकराला चौथी गोळी घेतली आणि बारा वाजून गेल्यावर ‘नवा दिवस सुरू झाला’ म्हणून पाचवी घेतली, तर यकृताला तारीख बदलल्याचे कळत नाही. कुठल्याही गोळीला हात लावण्याआधी मागच्या चोवीस तासांत त्या औषधाचे किती मिलिग्रॅम गेले, हे मोजायचे असते.

प्रत्यक्षात गडबड होते ती बहुतेक वेळा संयुक्त गोळ्यांमुळे. एक उदाहरण घेऊ. दंतवैद्यांनी ॲसिक्लोफिनॅक आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली गोळी दिवसातून तीन वेळा लिहून दिली आहे. त्यातून ९७५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल जाते. दुखणे पुरते थांबत नाही म्हणून रुग्ण घरातली ६५० मिलिग्रॅमची तापाची गोळी चार वेळा घेतो. त्याचे २६०० झाले. एकूण ३५७५, म्हणजे अजून मर्यादेच्या आत. पण त्याला सर्दीही झालेली आहे, आणि सर्दीच्या गोळीतही ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे, जे तीन वेळांचे १५०० होते. बेरीज ५०७५ मिलिग्रॅम. या माणसाने कुठलीही गोळी ‘जास्त’ घेतलेली नाही. प्रत्येक पाकिटावरच्या सूचना त्याने तंतोतंत पाळल्या आहेत. तरी एक हजार मिलिग्रॅमने मर्यादा ओलांडली गेली, कारण तिन्ही पाकिटांवरची मोठी नावे वेगळी होती आणि लहान अक्षरांतले नाव एकच होते.

हा अतिरेक धोकादायक का, तेही समजून घ्यायला हवे. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात एका विषारी पदार्थात रूपांतरित होतो, आणि ग्लुटाथायोन नावाचे संयुग त्याला तिथल्या तिथे निकामी करते. मात्रा फार वाढली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि तो विषारी पदार्थ यकृताच्या पेशी मारू लागतो. सर्वांत फसवी गोष्ट ही की पहिल्या दिवशी फारसे काही जाणवत नाही. थोडी मळमळ, थोडा अशक्तपणा, किंवा तेवढेही नाही. कावीळ आणि पोटाच्या उजव्या बाजूचे दुखणे पुढच्या दोन-तीन दिवसांत दिसते, तोवर बरेच नुकसान झालेले असते. ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा उपलब्ध आहे आणि तो पहिल्या आठ तासांत दिला गेला तर उत्तम काम करतो. म्हणून मात्रा चुकून फार वाढल्याचे लक्षात आले, तर त्रास होण्याची वाट न पाहता लगेच रुग्णालयात जावे आणि सोबत सगळी पाकिटे न्यावीत.

एकदम घ्याव्यात की आलटून-पालटून

दोन्ही पद्धती सुरक्षित आहेत, पण एकदम घेणे सोपे आहे आणि चुकायची शक्यता कमी. आलटून-पालटून घेताना दर तीन-चार तासांनी काहीतरी गिळायचे असते, आणि दुसऱ्या रात्रीपर्यंत कोणती गोळी कधी घेतली याचा घोळ होतो. समजा, सकाळी अकराला दाढ काढली. भूल दोन-तीनच्या सुमाराला उतरणार. पहिली मात्रा भूल पूर्ण उतरण्याआधी, साधारण एकच्या सुमाराला घ्यावी, कारण तोंडावाटे घेतलेल्या गोळीला गुण यायला अर्धा ते एक तास लागतो आणि एकदा भडकलेला ठणका आटोक्यात आणायला जास्त वेळ जातो. आयबुप्रोफेन उपाशीपोटी घेऊ नये. पण गाल बधिर असताना चावून खाल्ले तर गाल किंवा ओठ दाताखाली येऊनही कळत नाही, म्हणून आधी दूध, दही किंवा एखादी पातळ, कोमट खीर घ्यावी. एक वाजता ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. तेच रात्री नऊला. तेच पहाटे पाच वाजता किंवा जाग येईल तेव्हा. चोवीस तासांची बेरीज आयबुप्रोफेनची १२०० आणि पॅरासिटामॉलची ३०००. मधल्या वेळेत, समजा संध्याकाळी पाचला, अगदीच असह्य झाले, तर पॅरासिटामॉलची एक जादा मात्रा घ्यायला जागा उरते, आयबुप्रोफेनची नाही.

पहिले दोन दिवस अशा ठरलेल्या वेळांनी घ्यावे, दुखण्याची वाट पाहू नये. त्यानंतर दुखणे ओसरले तर आधी आयबुप्रोफेन थांबवावे आणि गरज वाटेल तेव्हाच पॅरासिटामॉल घ्यावे. घेतलेली प्रत्येक गोळी वेळ आणि मिलिग्रॅमसह कागदावर लिहून ठेवणे काहींना अति वाटेल. पण झोप अपुरी झालेल्या माणसाच्या स्मरणशक्तीवर विसंबण्यापेक्षा ते बरे, आणि घरात गोळ्या देणारी माणसे दोन असतील तर अटळच.

एकाच गटातल्या दोन गोळ्या

आयबुप्रोफेन घेऊन गुण आला नाही म्हणून डायक्लोफिनॅक घेणे ही सर्वांत नेहमीची चूक. दोन्ही औषधे एकाच विकराला अडवतात. एकाच कुलपाला दोन किल्ल्या लावल्याने दार दुप्पट उघडत नाही. वेदनेवरचा परिणाम जवळजवळ तेवढाच राहतो आणि जठरातून रक्तस्राव होण्याचा व मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका मात्र वाढतो. दवाखान्यात दिलेले इंजेक्शनही हिशेबात धरावे लागते. दाढ काढल्यावर डायक्लोफिनॅक किंवा केटोरोलॅकचे इंजेक्शन दिले असेल, तर या गटाची पहिली गोळी किती तासांनी घ्यायची हे तिथून निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. गुडघेदुखीसाठी रोज एटोरिकॉक्सिब किंवा तत्सम गोळी घेणाऱ्यांनी तर हे आधीच सांगायला हवे, कारण त्यांच्या शरीरात या गटाचे औषध अगोदरपासून असते. आम्लता कमी करणारी गोळी जोडीने घेतली की सगळे सुरक्षित झाले, असा एक समज आहे. ती जठराचे बऱ्यापैकी रक्षण करते, पण मूत्रपिंड आणि हृदय यांच्यासाठी तिचा काही उपयोग नाही.

ॲस्पिरिनचे प्रकरण थोडे वेगळे आहे. ते रक्त गोठवणाऱ्या बिंबिकांना (प्लेटलेट्सना) कायमचे निकामी करते, आणि नव्या बिंबिका तयार होईपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, हा परिणाम टिकतो. ताज्या जखमेतून रक्त थांबायला हवे असताना दुखण्यावर ॲस्पिरिन घेणे त्यामुळे योग्य नाही. मात्र हृदयविकारासाठी किंवा पक्षाघातानंतर रोज कमी मात्रेचे ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी दाढ काढायची म्हणून ते स्वतःहून बंद करू नये. जखमेतले रक्त दाब देऊन किंवा टाके घालून थांबवता येते, गोळी बंद केल्याने हृदयात झालेली गुठळी इतक्या सहज हाताळता येत नाही. या रुग्णांना आणखी एक पथ्य आहे. आयबुप्रोफेन ॲस्पिरिनच्या आधी घेतले, तर ते ॲस्पिरिनची जागा अडवून बसते आणि हृदयाला मिळणारे संरक्षण कमी करू शकते. साधे, आवरण नसलेले ॲस्पिरिन आधी घेऊन त्यानंतर किमान अर्ध्या तासाने आयबुप्रोफेन घेणे, किंवा ॲस्पिरिनच्या आठ तासांहून आधी घेणे, असा मार्ग सांगितला जातो; पण हृदयाच्या रुग्णांसाठी बहुतेक वेळा पॅरासिटामॉल हीच पहिली निवड असते.

काही जण गोळी गिळण्याऐवजी दुखऱ्या दाढेशी दाबून धरतात. ॲस्पिरिन हे आम्ल आहे. त्याने हिरडी आणि गालाची आतली त्वचा पांढरी पडून भाजते, आणि वेदना कमी होत नाही ती नाहीच. वेदनाशामक रक्तात जाऊन काम करते, दाढेला चिकटून नव्हे. तोंड पुरते उघडत नाही म्हणून गोळी कुटून घेण्याचा विचार असेल, तर ती हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारची नाही ना, हे पाकिटावर पाहावे; तशी गोळी कुटली की आठ तासांची मात्रा एकदम रक्तात उतरते. अशा वेळी पातळ औषध मागून घेणे चांगले.

ज्यांनी ही जोडी परस्पर घेऊ नये

जठरात किंवा लहान आतड्यात व्रण झालेले, मूत्रपिंडाचा आजार किंवा हृदय निकामी होण्याचा त्रास असलेले, आणि वॉरफरिन, अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन यांसारखी रक्त गोठू न देणारी औषधे घेणारे, अशा सर्वांनी आयबुप्रोफेनच्या गटापासून डॉक्टरांच्या परवानगीशिवाय दूर राहावे. वॉरफरिन घेणाऱ्यांनी पॅरासिटामॉलही सलग काही दिवस पूर्ण मात्रेत घ्यायचे असेल तर कळवावे, कारण त्याने वॉरफरिनचा परिणाम वाढू शकतो. ॲस्पिरिन किंवा तत्सम गोळीने पूर्वी दम लागलेल्या, अंगावर पित्त उठलेल्या किंवा ओठ सुजलेल्या व्यक्तींना या गटातली कुठलीच गोळी चालत नाही. दमा असूनही पूर्वी आयबुप्रोफेन घेऊन काहीच त्रास झालेला नसेल, तर सहसा अडचण येत नाही. नैराश्यासाठी घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांसोबत या गटामुळे रक्तस्रावाची शक्यता वाढते, तर लिथियम आणि मेथोट्रेक्सेट यांची रक्तातली पातळी धोकादायकरीत्या चढू शकते.

रक्तदाबाच्या रुग्णांबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण ते संख्येने पुष्कळ असतात आणि आपल्याला ‘फक्त बीपी’ आहे असे समजून गप्प बसतात. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन यांसारखी गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी अशा दोन्ही गोळ्या चालू असताना त्यांत आयबुप्रोफेनची भर पडली, तर मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी कमी होतो. दाढ काढल्यानंतर तोंड दुखत असल्याने माणूस पाणीही कमी पितो, आणि मग धोका आणखी वाढतो. वयस्कर रुग्णांत हे विशेषतः सांभाळावे लागते.

गर्भवती स्त्रियांना गरज पडल्यास, कमीत कमी मात्रेत आणि कमीत कमी दिवस, पॅरासिटामॉल दिले जाते. आयबुप्रोफेनचा गट विसाव्या आठवड्यानंतर टाळायला सांगितला जातो, कारण त्याने गर्भाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते. शेवटच्या तीन महिन्यांत तर तो वर्ज्यच आहे. स्तनपान देणाऱ्या मातांना नेहमीच्या मात्रेत पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही चालतात.

मुलांची मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते: पॅरासिटामॉल एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, आयबुप्रोफेन ५ ते १० मिलिग्रॅम. मुलांच्या पातळ औषधांची तीव्रता बाटलीगणिक बदलते, म्हणून ‘एक चमचा’ या मापाला अर्थ नाही. किती मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम हे वाचून, बाटलीसोबतच्या मापाने द्यावे. मुलांना दुखण्यावर ॲस्पिरिन देऊ नये, कारण त्याचा राय सिंड्रोम या दुर्मीळ पण प्राणघातक आजाराशी संबंध आहे.

ट्रॅमाडॉल आणि कोडीन

आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल यांनी भागत नसेल, किंवा ती घेताच येत नसतील, तर डॉक्टर काही वेळा ट्रॅमाडॉल किंवा कोडीन लिहून देतात. या अफूवर्गातल्या औषधांची गोळी बऱ्याचदा पॅरासिटामॉलसोबत एकत्रच असते, तेव्हा वरचा हिशेब इथेही लागू होतो. मद्य, झोपेच्या गोळ्या, चिंता कमी करणाऱ्या गोळ्या किंवा गुंगी आणणारी खोकल्याची औषधे यांच्यासोबत ती घेतल्यास श्वास मंदावतो, आणि झोपेत ते कोणाच्या लक्षातही येत नाही. ट्रॅमाडॉलमुळे अपस्माराच्या रुग्णांना झटका येऊ शकतो आणि नैराश्यावरच्या अनेक गोळ्यांशी त्याचे जमत नाही. कोडीनचे शरीरात मॉर्फिन होते, आणि हे काम काहींच्या शरीरात फारच वेगाने होते. बारा वर्षांखालच्या मुलांना आणि स्तनपान देणाऱ्या मातांना ते देऊ नये ते याच कारणासाठी. दाढ काढण्यासारख्या दुखण्याला ही औषधे लागलीच, तर दोन-तीन दिवसांपुरती लागतात. उरलेल्या गोळ्या पुढच्या दुखण्यासाठी डब्यात ठेवू नयेत.

गोळीने न भागणारे दुखणे

प्रतिजैविक हे वेदनाशामक नव्हे, त्यामुळे दुखते म्हणून त्याची मात्रा वाढवण्यात अर्थ नाही. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून कापडात गुंडाळलेला बर्फ वीस मिनिटे ठेवणे, वीस मिनिटे काढणे, एवढ्याने सूज आणि गोळ्यांची गरज दोन्ही कमी होतात, आणि त्याचा कुठल्याही औषधाशी संघर्ष होत नाही.

दुखणे दिवसागणिक उतरायला हवे. दोन दिवस बरे वाटून तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकाएकी कानापर्यंत जाणारी कळ सुरू झाली आणि तोंडाला दुर्गंधी येऊ लागली, तर बहुधा जखमेतली रक्ताची गुठळी निसटून आतले हाड उघडे पडलेले असते. धूम्रपान करणाऱ्यांत आणि खालच्या अक्कलदाढेच्या जागी हे अधिक होते. या कळेवर गोळ्यांचा परिणाम थोडाच होतो, आणि नेमक्या याच वेळी लोक एकामागून एक गोळ्या घेत मर्यादा ओलांडतात. दंतवैद्य ती जागा धुऊन औषधी पट्टी भरतात, तेव्हा आराम पडतो; म्हणून ठरलेल्या मात्रेने न थांबणारे दुखणे हे तिसऱ्या औषधाचे नव्हे, दवाखान्यात परत जाण्याचे कारण आहे. तिसऱ्या दिवसानंतर वाढत जाणारी सूज, ताप, दाबूनही न थांबणारे रक्त हेही त्याच कारणांत येतात. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, शौचाला काळी होऊ लागली, किंवा गोळी घेतल्यावर छातीत घरघर सुरू झाली, तर दंतवैद्यांच्या वेळेची वाट न पाहता थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा आणि गोळ्यांच्या वेळा लिहिलेला कागद तिथल्या डॉक्टरांच्या हातात द्यावा.